कौलारू घर, चार खोल्या आणि वहिनींची वही

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं एक गाव. तिथलं एक जुनं घर पाहुण्यांसाठी निवास-न्याहारीचं करताना काय काय झालं, त्याची ही नोंद. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही. घरातल्या माणसांना मी ज्या नावाने हाक मारतो, तीच नावं इथे ठेवली आहेत: गावी राहणारे दादा आणि वहिनी, पुण्याचे भाऊ, डोंबिवलीचे अण्णा आणि सांगलीला दिलेली अक्का. माझं काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचं. या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते जून 2020 मध्ये, डोक्यावर छप्पर नसलेल्या माजघरात.

घर शंभरीच्या आसपासचं. कमरेएवढं जोतं, जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन फूट जाड भिंती, सांधे चुन्याचे. पुढे पडवी, मग झोपाळ्याची ओटी, मधे माजघर, एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला ओळीने खोल्या. मागे स्वयंपाकघर, कोठीची खोली, मागली पडवी आणि त्यापलीकडे विहीर. विहिरीपासून समुद्राच्या दिशेने उतरत गेलेली नारळ-सुपारीची वाडी. घराचा खर्च या वाडीवर चालायचा. दादांना थोडी पेन्शन होती, पण शाकारणी (पावसाआधी छपराची कौलं नीट करून घेणं), वीजबिल, देवाचं, गणपतीचं, आल्यागेल्याचं असं सगळं सुपारीच्या पैशातून भागायचं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोलीच्या किनारी गावांनी त्याचा तडाखा पुरता खाल्ला. वारा पडवीतून आत शिरला आणि त्याने मंगलोरी कौलं खालून उचलली. पुढचा उतार जवळजवळ पूर्ण उघडा पडला, मागचा अर्धा. वाडीत सुपाऱ्या एकीवर एक अशा ओळीने आडव्या झाल्या होत्या. पोफळीचं रोप लावलं की धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे छप्पर उडालं तेव्हाच ते पुन्हा घालण्याचे पैसेही गेले होते.

अडचण

वरवर पाहता प्रश्न पैशाचा होता, पण त्याखाली दुसरा होता. घर नक्की कोणाचं?

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव होतं. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी वारसांची नोंद कोणी केली नव्हती. घरपट्टी दादा भरत आणि बाकीचे गणपतीला नि मे महिन्यात येत. कोणी कोणाला काही विचारत नसे आणि कोणाचं काही अडतही नसे. छप्पर उडालं त्या दिवशी मात्र दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. दादांकडे पैसे नव्हते. भावांकडे होते, पण टाळेबंदीत अण्णांची नोकरी डळमळत होती. भाऊ म्हणाले, "पैसे देतो, पण कशात देतोय ते कळू दे."

निवास-न्याहारीची कल्पना वहिनींची. मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांची पिल्लं पाहायला येणारी माणसं गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे घरट्यांच्या राखणीचं काम सुरू केलं आणि त्यातून पुढे घरोघरी पाहुणे येऊ लागले. त्या माणसांना ओटीवर गाद्या घालून दिल्या तरी चालतात, ताटात घरचं पडलं की ती खूश असतात. "आपल्याकडे तर खोल्या आहेत," वहिनी म्हणाल्या.

समोरचे पर्याय

पुण्याच्या एका बांधकाम व्यावसायिकाने घर आणि वाडी मिळून भाव सांगितला होता. त्याच्या नकाशात पोहण्याचा तलाव होता आणि वाडीच्या जागी दोन मजली खोल्या. भावांना रक्कम मोहात पाडणारी वाटली. पण जागा किनारा नियमन क्षेत्रात येते. तिथे स्थानिकांना घरात पाहुणे ठेवायला 2019 च्या अधिसूचनेत मोकळीक आहे ती घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. तलाव आणि मजले त्यात बसत नाहीत. व्यावसायिकाचं म्हणणं, "परवानग्यांचं आम्ही बघू." ते ऐकल्यावर अण्णांनीच नको म्हणून सांगितलं.

दुसरा पर्याय घर दहा वर्षांच्या कराराने चालवायला देण्याचा. अशा जुन्या वास्तू सजवून चालवणारे लोक आहेत, छपराचा खर्चही ते करायला तयार होते. मात्र दादा-वहिनींनी घर सोडायचं किंवा मागल्या पडवीत राहायचं, ही त्यांची अट होती. निवास-न्याहारीच्या योजनांत तर मालकाने त्याच घरात राहावं ही मूळ अपेक्षा असते. केंद्राच्या योजनेत खोल्यांची मर्यादाही एक ते सहा अशी आहे. मालक बाहेर गेला की ते हॉटेल होतं. कागदावर होतं आणि पाहुण्यालाही ते जाणवतं.

तिसरा पर्याय छपरावर पत्रा टाकून गप्प बसण्याचा.

चौथा, छप्पर नीट करून चार खोल्या पाहुण्यांना देण्याचा. मी चौथ्याच्या बाजूने बोललो. मात्र तेव्हा मी घराचा विचार केला आणि माणसांचा कमी केला, हे पुढे लक्षात आलं.

काय केलं

*छप्पर.* वादळानंतर कोकणात पत्रा मिळेनासा झाला होता आणि ताडपत्रीचेही भाव चढले होते. तरीही कौलारू छपराचा अंदाज पत्र्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही आणि पावसात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पाहुण्याला घर दाखवायचं असेल तर कौल हवं, हा माझा आग्रह. नवी कौलं पुरेशी मिळेनात, तेव्हा आसपासची पडलेली घरं पालथी घातली. जुनी मंगलोरी कौलं एकेक करून बोटाने वाजवून घेतली. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द आवाज आला तर बाजूला. वाळवी लागलेले वासे काढून किंजळीच्या लाकडाचे घातले आणि कडेच्या कौलांना तारेने बांधून घेतलं, म्हणजे पुन्हा वारा खालून आला तर ती सहज उचलली जाणार नाहीत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. कडेची आठ-दहा कौलं सरकली, बाकी छप्पर जागेवर राहिलं.

*अक्काची सही.* पैसे टाकण्याआधी सगळ्यांनी लिहून घ्यायचं ठरलं. भावांनी कागद तयार केला तो तिघांचा. अक्काच्या नावे वेगळं हक्कसोड पत्र. त्यांच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. बहिणीने सही करायची असते, एवढंच त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि तो जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्याच वर्षी, ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं होतं. दापोलीच्या वकिलांनी ते सांगितलं तेव्हा ओटीवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

गणपतीत अक्का आली. हक्कसोडाचा कागद तिने वाचला, घडी घालून झोपाळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "घर चालवायला माझी संमती आहे. पैसे नकोत म्हणाल तर तेही लिहून देते. पण हक्क सोडला की मी इथे पाहुणी होते. मला पाहुणी व्हायचं नाहीये." मग तिने विचारलं, "मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतील तेव्हा मी कुठे झोपायचं?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. पाहुण्यांची गर्दी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. घरच्यांची गर्दीही दिवाळीत आणि मे महिन्यात. ज्या आठवड्यांत उत्पन्न जास्त, त्याच आठवड्यांत घरातली मुलं आंबे खायला येणार. शेवटी असं ठरलं: गणपतीचे दिवस घर पूर्ण बंद. मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस चारपैकी दोनच खोल्या बाहेर द्यायच्या. दिवाळीत पाडवा-भाऊबीज घरच्यांची. कागदावर चौघांच्या सह्या झाल्या, आणि वारसांची नोंदही त्याच ओघात झाली. चौथ्या पर्यायातलं सगळ्यात चांगलं काम मी यालाच म्हणेन, छपराला नव्हे.

*कुठली खोली द्यायची.* देवघर आणि माजघर द्यायचं नाही, यावर वहिनी पहिल्यापासून ठाम होत्या. माजघराची जमीन त्या अजून शेणाने सारवतात. एका बाजूच्या दोन खोल्या, माळ्यावरची एक आणि कोठीची खोली अशा चार निघाल्या. भाऊंना माजघरात जेवणाची टेबलं हवी होती. वहिनींनी नकार दिला आणि न्याहारी मागल्या पडवीत ठेवली. आज येणाऱ्या पाहुण्यांना हीच जागा सर्वात आवडते, विहिरीवरचा रहाट समोर दिसतो म्हणून.

*न्हाणीघर आणि संडास.* जुन्या घरात हे घरापासून लांब. शहरातल्या पाहुण्याला खोलीला लागून हवं. रिकाम्या गोठ्यात दोन बसवले, ते उत्तम झाले. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांहून लांब नेला. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी कुठून कुठे पाझरेल याचा भरवसा नाही. पण कोठीच्या खोलीला लागून एक हवंच, असा आग्रह झाला आणि मी मान्य केला. मागल्या पडवीच्या कोपऱ्यात ते बसवलं आणि गवंड्याने सवयीने जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. मी ते थांबवायला हवं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या आतल्या अंगाला हातभर उंचीवर ओल दिसू लागली, वर पांढरं मिठासारखं फुललं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली की ते पाणी घराच्या आतल्या बाजूने बाहेर पडतं. शेजारच्या फणसाच्या खांबाचा तळ मऊ लागला, तो काढून खालून जोडावा लागला. गिलावा कमरेपर्यंत खरवडून चुन्याचा केला आणि नळ भिंतीपासून सुटे घेतले. एका न्हाणीघराने जेवढा त्रास दिला तेवढा बाकी कामाने मिळून दिला नाही.

नोंदणी, अन्नपरवान्याची नोंद, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवणारा सी फॉर्म भरणं, विजेची स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग, हे सारं दादांनी नेटाने केलं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

पैशाची वाटणी आणि जानेवारीतलं कुलूप

पहिल्या वर्षीचा हिशेब भाऊंनी संगणकावर मांडला. उत्पन्नातून वीज, किराणा, धुलाई, बुकिंगच्या कंपनीचं कमिशन वजा. उरलेल्यातून भावांनी छपरासाठी घातलेल्या पैशाची परतफेड. मग चार समान भाग. दादा-वहिनी तिथेच राहतात, घरचंच खातात, त्यामुळे त्यांचा एक भाग. कागदावर हे न्यायाचं दिसत होतं. मीही तो हिशेब पाहिला आणि चूक दिसली नाही.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीच्या जोड सुट्टीला मी कोठीच्या खोलीतली ओल पाहायला गेलो आणि मुक्कामी राहिलो. पहाटे साडेचारला मागच्या दारी खडबड ऐकू आली. वहिनी बंब पेटवत होत्या. सौरऊर्जेचं पाणी सकाळी सहाला कोमट असतं, आणि समुद्रावर जाणारे पाहुणे सहालाच आंघोळीला मागतात. बंबात करवंट्या टाकल्या, तांदूळ वाटायला घेतले, घावनांचं पीठ सैल केलं, नारळ खवला. सहा वाजता तीन खोल्यांचा चहा, त्यात एक बिनसाखरेचा, एक बिनदुधाचा. साडेआठला घावने, आणि घावने एकेकच निघतात. बिडाच्या तव्यासमोर त्या दीड तास उभ्या होत्या. अकराला चादरी. बाराला जेवण, कारण "न्याहारीपुरतंच" असं सांगूनही माणसं जेवायचं विचारतात आणि वहिनींना नाही म्हणता येत नाही. दुपारी चारला नवे पाहुणे. रात्री साडेदहाला त्यांनी उद्याच्या पोह्यांसाठी नारळ सोलून ठेवला.

मी विचारलं, "मदतीला कोणी?"

"ठेवलं तर त्याचे पैसे कुठल्या रकान्यात घालू?" त्या म्हणाल्या. हिशेबाच्या कागदात तसा रकाना नव्हता. परक्या बाईची मजुरी निदान खर्च म्हणून लिहिली गेली असती. स्वतःची लिहिण्याची सोयच नव्हती.

पंधरा दिवसांनी वहिनी माहेरी गेल्या, "पाठीला आराम" म्हणून. महिनाभर आल्या नाहीत. ऐन कासवांच्या पिल्लांच्या मोसमाआधी, बुकिंग रद्द करून दादांनी चारही खोल्यांना कुलूप लावलं. भाऊंचा फोन आला: दादांना जमत नसेल तर व्यवस्थापक ठेवू. अण्णा म्हणाले, घर चालवायला द्यायचा जुना पर्याय पुन्हा काढू. आधी कुलूप का लागलं ते समजून घेऊ, असं फक्त अक्का म्हणाली. ती सांगलीहून निघून वहिनींच्या माहेरी गेली, आणि येताना एक दोनशे पानी वही घेऊन आली.

वहीत वहिनींनी तीन महिने रोजची कामं लिहून ठेवली होती. उठले, काय केलं, किती वाजता टेकले. तक्रार एका ओळीचीही नव्हती. अक्काने ती चौघांच्या बैठकीत मोठ्याने वाचली, नुसते आकडे. शनिवार-रविवारच्या नोंदींत सोळा तासांखाली एकही दिवस नव्हता. भाऊंनी लॅपटॉप बंद केला आणि हिशेब नव्याने मांडायला घेतला.

काय झालं

नवा क्रम असा ठरला. उत्पन्नातून सर्वात आधी वहिनींची मजुरी, त्यांच्या स्वतःच्या खात्यात, दर महिन्याला. मग मदतीला येणाऱ्या गावातल्या दोघी बायकांची. मग छपराचा फंड, दर खोलीमागे दर रात्री ठरावीक रक्कम, तिला कोणी हात लावायचा नाही. परतफेड त्यानंतर, आणि काही उरलं तर चार भाग. पहिल्या वर्षी चार भागांना फार थोडं आलं. भावांनी ते मान्य केलं. अण्णांना ते जड गेलं, हेही खरं आहे.

कोठीची खोली बंद करून पुन्हा कोठी केली. तीनच खोल्या ठेवल्या आणि भाडं वाढवलं. सगळे म्हणाले माणसं येणार नाहीत. काही आली नाहीत. जी आली ती जास्त दिवस राहिली. न्याहारीला एका दिवशी एकच पदार्थ: घावने, दडपे पोहे, उकड, नाहीतर मऊ भात-मेतकूट, जे असेल ते. जेवण घरात नाही. शाकाहारी जेवण दोन घरं सोडून मदतीला येणाऱ्या बाईंकडे, मासे खायचे तर बंदराजवळच्या खाणावळीत. हे बुकिंग घेतानाच सांगितलं जातं. गरम पाणी साडेसातनंतर. पहिल्या मोसमात दोघा-तिघांनी याबद्दल नाराजी लिहिली. आता कोणी विचारतही नाही.

शाकारणी दर वर्षी मे अखेरीला होते, फंडातून. त्यासाठी कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. या घराच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडतंय, असं दादा म्हणतात.

पुन्हा करायचं झालं तर

छप्पर मी तसंच करीन. पडवीतलं न्हाणीघर करणार नाही. आणि आग्रहच झाला तर गवंडी गिलावा करताना स्वतः शेजारी उभा राहीन. खोल्या तीनच घेईन, आणि पहिलं वर्ष दोनच. चार खोल्यांचा आकडा आम्ही भिंती मोजून काढला होता. तो चुलीपाशी बसून काढायला हवा होता: एका तव्यावर, एका माणसाच्या हातून, नऊ वाजेपर्यंत किती जणांची न्याहारी निघते? त्याचं उत्तर सहा होतं. आम्ही दहाजणांची सोय केली.

अक्काला पहिल्या बैठकीलाच बोलवायला हवं होतं. कायद्यासाठी तर खरंच, पण त्याहून जास्त यासाठी की घरात राहणाऱ्या बाईला काय विचारायचं ते तिला माहीत होतं. वहिनी त्या पहिल्या बैठकीत होत्या, चहा देत होत्या. कल्पना त्यांची असूनही आम्ही त्यांना "जमेल ना?" इतकंच विचारलं आणि त्या "हो" म्हणाल्या. असा प्रश्न विचारला की तसंच उत्तर मिळतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दादा सत्तरीकडे आले आहेत, वहिनी त्यांच्याहून पाचेक वर्षांनी लहान. पुढच्या पिढीतलं गावी राहायला कोणी तयार नाही. अक्काची मुलगी वर्षातून दोन-तीनदा येते, पाहुण्यांच्या नोंदी तीच पाहते, पण तिची नोकरी कोल्हापूरला आहे. मालक घरात नसेल तर हे सारं वेगळंच होईल, ही जाणीव चौघांनाही आहे आणि बैठकीत तो विषय निघाला की पुढे ढकलला जातो.

वादळानंतर 2021 च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पोय, म्हणजे फुलोरा, आली. दादांनी मला फोन करून सांगितलं, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाले, आता दोन-तीन वर्षांत सुपारी धरली की खोल्या बंद करू, हिला विश्रांती मिळेल. मागून वहिनींचा आवाज आला. त्यांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "माळ्यावरच्या खोलीला पूर्वेकडे एक खिडकी काढता येईल का? दर्शनी भाग बदलणार नाही ना त्याने?"

पुढच्या आठवड्यात मोजमाप घ्यायला जातो आहे.